भिंगरगावचा हत्ती कुणाचा?

१

शेवट फुटला होता.

विशाखा हिवराळे औरंगपुऱ्यातल्या ‘चिंचोका प्रकाशन’चा जिना चढून वर आली, तेव्हा मधुसूदन सेलूकरांनी ‘बस’सुद्धा म्हटलं नाही. नुसता मोबाइल तिच्याकडे सरकवला. पडद्यावर पुस्तकाच्या दोन पानांचे फोटो होते. चित्रात चाकांचा लाकडी हत्ती डुगडुग, त्याच्या शेजारी रिकामी जागा, आणि खाली मजकूर.

‘भिंगरगाव’ हा लाकडी खेळण्यांवर बेतलेला कार्टूनपट त्या शुक्रवारी थेटरात लागणार होता. आधी खेळणी आली, पोरांनी ती डोक्यावर घेतली, मग सिनेमा निघाला. सिनेमाची मराठी पुस्तकं, म्हणजे एक गोष्टीचं, एक रंगवायचं आणि एक स्टिकरचं, काढायचं काम मुंबईच्या कंपनीनं चिंचोकाला दिलं. गोष्ट विशाखानं लिहिली होती. कंपनीनं एकच गोष्ट बजावून सांगितली होती. गावाची मोठी चावी कुणी चोरली, हे सिनेमा लागेपर्यंत बाहेर जाता कामा नये.

आता ते शहरभर झालं होतं. चोर म्हणजे सगळ्यांचा लाडका, म्हातारा लाखी घोडा.

“मुंबईहून सकाळपासून फोन चालू आहेत,” मधुसूदन म्हणाले. “वाच. मोठ्यानं वाच.”

विशाखानं वाचलं. “हत्ती म्हणाला, ‘मला लई भीती वाटते.’”

“छापलेल्या पुस्तकात ‘लई’ आहे?”

“नाही. भाषा तपासताना मीनाक्षी मॅडमनी सगळीकडं ‘खूप’ केलंय.”

“मग ‘लई’ होतं कुठं?”

“माझ्या पहिल्या लिखाणात.”

दाराशी मधुसूदनांचा पुतण्या हिमांशू उभा होता. जाहिरात आणि मुंबईशी बोलणं हे त्याचं खातं. त्यानं मान हलवली, जणू एखाद्या घरी दुःखद निरोप घेऊन आलाय. “विशाखा, आमचीही नाइलाजाची गोष्ट आहे गं. माफीपत्र दे, राजीनामा दे. शनिवारी प्रकाशनाला श्रेया सामंत स्वतः येतायत कंपनीकडून. त्याच्या आत विषय संपू दे.”

“विषय संपेल, पण माफीनं नाही.” विशाखानं मोबाइल उलटा करून टेबलावर ठेवला. “जे मी केलं नाही त्याची माफी मी लिहून देणार नाही. सर, शनिवारपर्यंत वेळ आहे ना? मग कुणी फोडलं ते मीच सांगते.”

“आणि नाही सांगता आलं तर?”

“तर पोलिसांत जा. तिथंही मी हेच म्हणेन.”

ती खाली उतरली. रस्त्यावर येऊन तिनं घरची रिक्षा धरली.

२

हर्सूलच्या घरी अप्पाराव दारात खुर्ची टाकून बसले होते. सोयगावच्या एसटी डेपोत कंडक्टरकी केलेला माणूस. लेकीचं तोंड बघूनच त्यांनी पेपर बाजूला ठेवला.

डुगडुग हत्तीची बोली खरं तर त्यांचीच होती. विशाखानं पहिल्यांदा ती गोष्ट लिहायला घेतली तेव्हा सिनेमातला मराठी हत्ती बातम्या सांगितल्यासारखा बोलत होता. चाक मोडलेला, गावाच्या वेशीवर बसलेला, सगळ्यांची काळजी करणारा म्हातारा हत्ती असा बोलेल कसा? तिनं वडलांचं बोलणं त्याच्या तोंडी घातलं. लई, व्हय, नाय, सगळं. सिल्लोडच्या एका शाळेत वाचून दाखवलं तर पोरं बाकावर उभी राहून हसली होती.

“माफी माग म्हणले?” तिनं सगळं सांगितल्यावर अप्पारावांनी विचारलं.

“व्हय.”

“मागनार हाइस?”

“नाय.”

“मंग रडतीस कशाला? जेव अन् कामाला लाग.”

जेवणाआधीच ती कामाला लागली. दोन्ही फोटो मोठे करून एकेक शब्द बघत गेली. वाचताना सगळं तिचंच वाटत होतं, आणि तरी काहीतरी दातात अडकल्यासारखं सलत होतं. दुसऱ्या पानाच्या शेवटच्या ओळीवर ती थांबली.

‘सकाळ झाली तेव्हा लाखी घोडा नायसा झाला होता.’

“अण्णा, नायसा म्हंजी काय?”

“काय?”

“नायसा. ना-य-सा.”

अप्पाराव हसायला लागले. “आगं, असं कोन बोलतं? आपुन म्हनू, घोडा गायब झाला. नाय तर, दिसंना झाला. नायसा कशाचा?”

विशाखाही हसली, पण तिच्या अंगावर काटा आला होता. तिनं स्वतः ‘नाहीसा’ असं लिहिलं होतं. कारण हे वाक्य हत्तीचं नव्हतंच, गोष्ट सांगणाऱ्याचं होतं, आणि तिचा गोष्ट सांगणारा साधं मराठी बोलायचा. बोली फक्त हत्तीच्या तोंडी होती.

म्हणजे कुणीतरी छापील पुस्तकाची फाइल उघडली होती आणि कॉम्प्युटरला सांगितलं होतं, जिथं जिथं ‘खूप’ आहे तिथं ‘लई’ कर, ‘नाही’ आहे तिथं ‘नाय’ कर. कॉम्प्युटरनं ‘नाहीसा’मधला ‘नाही’सुद्धा इमानदारीनं बदलला होता.

हे तिचं लिखाण नव्हतंच. तिच्या लिखाणाचं सोंग होतं. शेवट फोडणं हे निमित्त झालं. कुणालातरी विशाखालाच बाहेर काढायचं होतं.

३

छापील पुस्तकाची फाइल तिघांकडे होती. भाषा तपासणाऱ्या मीनाक्षी सेलूकर, म्हणजे मधुसूदनांच्या पत्नी. पानं मांडणारी तनुजा. आणि जाहिरातीसाठी पानं वापरणारा हिमांशू. मधुसूदन स्वतः कॉम्प्युटरला हात लावत नसत.

दुसऱ्या दिवशी सकाळी विशाखा आधी मीनाक्षीबाईंसमोर जाऊन बसली. या बाईंनीच तिच्या हत्तीची जीभ कापली होती.

“तुझा संशय माझ्यावर आहे,” मीनाक्षीबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या.

“आहे, मॅडम.”

“असायलाच हवा. तुझे शब्द मी खोडले, आणि वेळ आली तर पुन्हा खोडेन. मुलांनी पुस्तकातून नीट भाषा शिकावी असं माझं मत आहे.” त्यांनी टेबलावरचं लाल पेन उचलून दाखवलं. “पण मी तुला समोर बसवून खोडले. तू भांडलीस, मी ऐकून घेतलं. पाठीमागून वार करायची मला सवय नाही. आणि कॉम्प्युटरवर मला माझं नावसुद्धा धड टाइप करता येत नाही. मी कागदावर खुणा करते, तनुजा त्या आत घालते. विचार तिला.”

विशाखाला ते माहीत होतं. तरी ती उठली नाही. “शेवटच्या पानावर तुम्ही एक वाक्य वाढवलं होतं.”

“हो. ‘तुझी खूप आठवण येईल.’ घोडा निघून जातो आणि तुझा हत्ती मुका! एक अक्षर बोलत नाही. मुलांना कळायला नको?”

“कळलं असतं, मॅडम.”

“तेच भांडण आपण आत्ता पुन्हा करणार आहोत का?”

“आज नाही,” विशाखा म्हणाली.

हिमांशूनं मात्र तिला बघताच खुर्ची पुढं ओढली, चहा मागवला. बोलायला तो पहिल्यापासून गोड. “तू चौकशी करतेयस म्हणे. कर ना. पण विशाखा, रागावू नकोस, तुझी भाषा लपत नाही गं. कुणीही ओळखेल. ‘तुझी लई आठवण येईल’ असं मुलांच्या पुस्तकात दुसरं कोण लिहिणार आहे?”

“माझी भाषा लपवायची गरज मला कधी वाटली नाही.”

“तेच तर म्हणतोय. कंपनीला ते पटत नाही. श्रेयाताई तर म्हणाल्या, हे गावठी काय आहे!”

“श्रेयाताईंनी माझं पहिलं लिखाण वाचलंय?”

हिमांशूनं कप खाली ठेवला. “छे. त्यांच्याकडे कसं जाईल ते? फोटोच पाहिले त्यांनी.”

विशाखा चहा न पिताच उठली. हिमांशूच्या बोलण्यातलं एक वाक्य तिच्या कानात घुसून बसलं होतं, पण त्यात चुकतंय काय ते तिच्या हाती लागेना.

तनुजाचे डोळे सुजलेले होते. दोघी एकाच डब्यात जेवणाऱ्या.

“तू माझ्यावरही संशय घेतेस?”

“सगळ्यांवर घेतेय. तुला वगळलं तर उद्या सगळे म्हणतील, मैत्रिणीला वाचवलं.”

तनुजानं फोटो ओढून घेतला आणि बोट ठेवलं. “हे बघ. ‘लई’ हा ‘खूप’पेक्षा छोटा शब्द. बदलला की ओळीत फट पडते. इथं केवढी पडलीय! आणि इथं ‘होता’ एकटाच खाली लोंबतोय. असं पान मी माझ्या हातून बाहेर जाऊ देईन? चोरी करायची असती तरी आधी ओळी सारख्या केल्या असत्या.”

विशाखाला दोन दिवसांत पहिल्यांदा मोकळं हसू आलं. तनुजाचा हा हट्ट तिनं कितीदा सोसला होता.

राहिला एकच. पण राहिला म्हणून तो चोर, असं शनिवारी सगळ्यांसमोर कसं म्हणणार? आणि त्याला मिळणार काय होतं? जाहिरातवाला माणूस, त्याचं आणि हत्तीच्या बोलीचं काय वाकडं?

४

फोटो पहिल्यांदा आले ते ‘भिंगरगावकर’ नावाच्या ग्रुपवर. खेळणी जमवणारी, सिनेमाची गाणी पाठ असणारी मुलं आणि तेवढेच हौशी मोठे त्यात होते. ग्रुप चालवणारी स्वराली सिडकोत राहायची, अकरावीत शिकायची. तिच्या खोलीत फळीवर सगळं भिंगरगाव मांडलेलं होतं.

“मला अनोळखी नंबरवरून आले,” ती म्हणाली. “आता तो नंबर बंद आहे. मावशी, मला खरंच वाटलं की कुणीतरी मुद्दाम जाहिरात म्हणून सोडलेत. नंतर सगळे मला शिव्या द्यायला लागले.”

“तुझ्यावर राग नाही माझा. एवढंच सांग, जे आले ते जसेच्या तसे टाकलेस?”

स्वराली ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. “दोनच टाकले.”

“म्हणजे?”

“तीन आले होते. तिसरा मी कुणालाच दाखवला नाही. ग्रुपात पहिली-दुसरीतली पोरं आहेत, आईबाबांच्या फोनवरून बघतात. चोर कोण ते कळलं तर कळलं, पण तो निरोपाचा प्रसंग सिनेमाच्या आधीच... त्यांना रडवायचं नव्हतं मला.”

तिनं फोन पुढं केला. चित्रात हत्ती रिकाम्या वाटेकडं बघत होता. खाली एकच ओळ होती.

‘तुझी लई आठवण येईल.’

विशाखानं ती ओळ पुन्हा वाचली. तिच्या लिखाणात हत्ती या पानावर बोलतच नव्हता. छापील पुस्तकात तो ‘खूप’ म्हणत होता. ‘लई आठवण येईल’ हे वाक्य जगात एकाच ठिकाणी होतं, या तिसऱ्या फोटोत. आणि तो फोटो पाहिला होता फक्त दोघांनी. एक ही मुलगी, आणि दुसरा, ज्यानं तो पाठवला तो.

आणि हिमांशूनं ते वाक्य तिला चहा पाजत ऐकवलं होतं.

५

कुणी, ते कळलं. का, ते अजून अंधारात होतं. रिक्षात बसल्या बसल्या विशाखा त्याच एका गोष्टीभोवती फिरत राहिली.

तिचं खरं लिखाण ऑफिसच्या कॉम्प्युटरवर सगळ्यांसाठी उघडं होतं. तिला अडकवायचं तर त्यातलाच मजकूर उचलायचा आणि पानावर ठेवायचा. सोपं काम, शिवाय पक्कं. ते सोडून हिमांशूनं सोंग का आणलं? खरं हाताशी असताना खोटं कोण बनवतं?

ज्याला खरं दाखवायची भीती आहे, तो. पण कुणाला दाखवायची? शहरातल्या कुणाला काय फरक पडणार होता? फोटो मुंबईला पोचणार होते. म्हणजे मुंबईत कुणीतरी ते खरं लिखाण वाचलेलं होतं, आणि वाचलं नाही असं हिमांशू तिला तोंडावर सांगत होता.

तिनं कंपनीच्या मुख्य नंबरवर फोन लावला. बरीच गाणी ऐकवून झाल्यावर श्रेया सामंत फोनवर आल्या. आवाज कोरडा होता.

“तुमच्याबद्दल मला सांगण्यात आलंय, विशाखाताई. शनिवारी मी येतेच आहे.”

“मॅडम, फक्त एक विचारते. डुगडुग हत्तीची आमच्याकडची बोली तुम्ही कधी वाचली आहे का? फोटोतली नाही. पूर्ण गोष्ट.”

“म्हणजे काय! त्यावरच तर दुसऱ्या सिनेमाचं ठरलंय.” आवाजातला कोरडेपणा पहिल्यांदा गेला. “दुसऱ्या भागात हत्ती तसाच बोलणार आहे. काय सुंदर लिहिलंय हिमांशूंनी!”

६

शनिवारी सकाळी प्रकाशनाला अजून वेळ होता. नाट्यगृहामागच्या छोट्या खोलीत सगळे जमले. श्रेया सामंत खुर्चीवर, मधुसूदन अस्वस्थ, मीनाक्षीबाई हातात पर्स घट्ट धरून, तनुजा भिंतीला टेकून. हिमांशू नव्या जाकिटात होता.

विशाखा उभीच राहिली. ‘नायसा’ दाखवला. तनुजाची फट दाखवली. स्वरालीचा तिसरा फोटो सगळ्यांसमोर ठेवला आणि हिमांशू काय बोलला होता ते सांगितलं.

“मी असं काही म्हणालोच नाही,” हिमांशू हसत म्हणाला. “काका, ही तुमच्या घराण्यावर आरोप करतेय. हिचा शब्द आणि माझा शब्द!”

“बरोबर,” विशाखा म्हणाली. “म्हणून माझा शब्द बाजूला ठेवू. श्रेया मॅडम, तुमच्याकडे जे लिखाण आहे ते कुणाचं?”

“हिमांशूंचं. त्यांनीच पाठवलं, त्यांच्या नावानं.”

मधुसूदनांनी पुतण्याकडं पाहिलं. हिमांशूचं हसू जागच्या जागी राहिलं, पण त्यातला जीव गेला. “मी... सुधारलेलं आहे ते. मूळ कल्पना माझीच होती. हिनं टाइप केलं.”

“मग बरंच झालं,” श्रेया म्हणाल्या. त्यांनी हे सहज विचारलं की जाणून, ते कुणालाच कळलं नाही. “एक शब्द आमच्याकडं अडलाय. हत्ती घोड्याला म्हणतो, ‘येरवाळी निघ, लाख्या.’ येरवाळी म्हणजे काय हो?”

विशाखानं ओठ घट्ट मिटले.

“येरवाळी म्हणजे... संध्याकाळी,” हिमांशू म्हणाला. “उशिरा. अंधार पडल्यावर निघ, असं.”

“लवकर.”

सगळ्यांनी वळून पाहिलं. बोलल्या होत्या मीनाक्षीबाई. “येरवाळी म्हणजे लवकर. वेळेच्या आधी. सेलूला माझी आई रोज म्हणायची, येरवाळी ये गं शाळेतून. हा शब्द मी खोडला तेव्हा मला ठाऊक होता त्याचा अर्थ.” त्या पुतण्याकडं वळल्या. “हिमांशू, तू हे लिहिलेलं नाहीस. आणि ज्या मुलीनं लिहिलं, तिलाच चोर ठरवायला निघालास?”

“काकू, पुस्तकात त्यातला एक शब्द तरी ठेवला का तुम्ही?” हिमांशू उसळला. “तुम्ही कचऱ्यात टाकलेलं मी उचललं, एवढंच! कंपनीला ते आवडलं यात माझी काय चूक? आज ही श्रेयाताईंना भेटली असती, बोलली असती, आणि...”

तो स्वतःच थांबला. पुढचं कुणी विचारायची गरजही उरली नव्हती. विशाखाची आणि श्रेयाची गाठ पडण्याआधी विशाखा बदनाम व्हायला हवी होती, म्हणजे ती काहीही म्हणाली तरी कुणी खरं मानलं नसतं. आणि फोटोत तिचं खरं लिखाण असतं, तर हे हिमांशूनं पाठवलेलंच आहे, असं श्रेयांनी लगेच ओळखलं असतं.

“तुमच्याबरोबर आमचं काम इथंच थांबलं, हिमांशू,” श्रेया म्हणाल्या. तो दार आपटून निघून गेला.

मधुसूदनांनी घाम पुसला. “विशाखा, झालं ते वाईट झालं. राजीनाम्याचा विषय बंद. आता बाहेर मुलं जमलीत. ही घरातली गोष्ट घरातच...”

“सर, मला चोर म्हटलं गेलं तेव्हा ते घरात राहिलं नाही. माझ्या गल्लीतसुद्धा पोचलं. म्हणून हेही बाहेरच सांगायचं, स्टेजवरून, माझं नाव घेऊन. तुम्ही सांगणार नसाल तर मी सांगते. माइक मला धरता येतो.”

मधुसूदनांनी बायकोकडं बघितलं. मीनाक्षीबाईंनी त्यांच्याकडं बघितलंच नाही.

“सांगतो,” ते म्हणाले.

“आणि दुसऱ्या सिनेमाचं?” श्रेयांनी विचारलं. “लिहाल?”

“लिहीन. नाव माझं लागेल, आणि शब्द बदलायचा असेल तर मला समोर बसवून बदलायचा. मॅडमनी बदलले तसे.”

मधुसूदन स्टेजवर गेले आणि बोलले. अडखळत बोलले, पण नाव घेऊन, सगळं बोलले. मागच्या रांगेतून अप्पारावांनी टाळी वाजवली ती इतक्या जोरात, की पुढची पोरं मागं वळून हसली.

मग सह्यांची रांग लागली. सर्वांत पुढं एक चिमुरडी, काखेत लाकडी हत्ती. विशाखानं तिचं पुस्तक उघडलं, पण सही करायच्या आधी ती पानं उलटत गेली. ‘मला खूप भीती वाटते.’ तिनं ‘खूप’वर आडवी रेघ मारली आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘लई’. मग शेवटच्या पानावरचं हत्तीचं वाक्य पुरतं खोडलं. खाली सही केली.

“छापील पुस्तकात खाडाखोड?” मधुसूदन पुटपुटले. “लोक काय म्हणतील?”

विशाखानं मान वर केली नाही. पुढचं पुस्तक ओढलं, पान उघडलं, रेघ मारली. रांग दाराबाहेर गेली होती.

शेजारची खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मीनाक्षीबाई येऊन बसल्या. त्यांनी पर्स उघडली, चष्मा पुसून लावला, आणि रांगेतल्या पुढच्या पोराच्या हातातलं पुस्तक स्वतःकडं घेतलं.

“कुठली कुठली पानं गं?” त्यांनी विचारलं. “सांग पटापट. एवढी सगळी तुला एकटीला उरकायची नाहीत.”